शाळा रस्ता, घर नंबर चौदा

दादा पार्सल घेऊन आला की दारातच उभा राहायचा. चपला काढायचा नाही, आत यायचा नाही, बस म्हटलं तरी बसायचा नाही. खोका पुढे करायचा आणि म्हणायचा, "तुझं माझ्याकडे आलंय." ती खोका घ्यायची आणि म्हणायची, "तुझी औषधं परवा इकडे आलीत. थांब, देते." ती आत जाऊन पुडकं आणेपर्यंत दादा चौकटीकडे, बाहेरच्या कुंड्यांकडे, समोरच्या घराच्या पत्र्यांकडे, कुठेही बघत राहायचा, फक्त घरात बघायचा नाही. घरात भिंतीवर आईचा फोटो होता. पुडकं हातात पडलं की "बरं" म्हणून निघायचा. एवढीच भेट. पण महिन्यातून दोन-तीनदा ती हमखास व्हायची, आणि त्या भेटीवर ती पुढची भेट होईपर्यंतचे दिवस काढायची.

सख्खी भावंडं, एकाच गावात राहणारी. तीन वर्षं हे असं चाललं होतं.

आता दोघांची पार्सलं एकमेकांकडे का जायची, ते सांगायला हवं. नदीच्या अलीकडे एक गाव होतं, पलीकडे दुसरं. दोन्हींच्या नगरपालिका वेगळ्या, दोन्हींत एकेक शाळा, आणि शाळेवरून जाणाऱ्या रस्त्याला शाळा रस्ता म्हणण्यापलीकडे दोन्हीकडे कुणी डोकं चालवलेलं नाही. पुढे पूल रुंद झाला. सरकारने दोन्ही गावं एक करून टाकली, नगरपालिका एक केली, टपालाचा नंबरही एक केला. शाळा रस्ते मात्र दोनच राहिले. ती लग्न होऊन अलीकडच्या शाळा रस्त्यावर आली, घर नंबर चौदा. काही वर्षांनी दादा पलीकडे घर बघायला गेला आणि त्याला शाळा रस्त्यावर चौदा नंबरच रिकामा मिळाला.

"घेतलं," त्याने तिला लगेच फोन करून सांगितलं होतं. "घर काही खास नाही. स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर जायचं. पण पत्ता पाठ करायला नको, टिल्ले." आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता खोकत सुटला होता. दमा त्याला लहानपणापासून. पण तो इतका हसायचा की त्यातला खोकला कुठला आणि हसू कुठलं ते कळायचं नाही.

टिल्ली हे तिचं लहानपणचं नाव. ती बुटकी राहिली म्हणून ते त्यानेच ठेवलेलं, आणि तो सोडून कुणाची तसं म्हणायची टाप नव्हती.

मग आई आजारी पडली. शेवटची दोन वर्षं ती लेकीकडेच होती. दादा लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, केव्हा कुठे बोलावणं येईल त्याचा नेम नाही. यायचा, आईच्या पायाशी बसायचा, तिला हसवायचा, आणि फोन वाजला की उठून जायचा. आई गेली त्या दिवशी सकाळपासून सगळे त्याला फोन लावत होते. तो पोहोचला दुपारी. घर माणसांनी भरलेलं. आणि ती त्याला सगळ्यांदेखत म्हणाली, "मिळाला का वेळ?"

तो सगळं उरकेपर्यंत थांबला आणि गेला. नंतर वहिनीकडून कळलं की एका जुन्या इमारतीत दोन माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. त्यांना बाहेर काढायला तो सकाळपासून लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता, आणि खाली फोन लागत नाही. हे कळलं तेव्हा तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पण तोवर तोंडातून गेलेलं गेलं होतं. माफी मागायला तिने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वहिनीने उचलला आणि "बाहेर गेलेत" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा फोन करायचा तिचा धीर झाला नाही. पुढे कधीतरी तिची पुस्तकं चुकून पलीकडच्या चौदा नंबरात गेली आणि दादा ती घेऊन दारात उभा राहिला. तेव्हापासून हा पार्सलांचा सिलसिला.

आता ती नोकरी काय करत होती ते ऐकलं की खरी गंमत कळेल. नगरपालिकेच्या नकाशा विभागात ती पत्ते नीट करायचं काम करत होती. ऑफिसात तिला सगळे पत्तेबाई म्हणायचे.

नकाशा विभाग म्हणजे जिन्याखालची एक लांबुडकी खोली. एका टोकाला जुन्या नकाशांच्या गुंडाळ्या उभ्या करून ठेवलेल्या, दुसऱ्या टोकाला तिचं टेबल आणि कॉम्प्युटरचे दोन पडदे. वरच्या मजल्यावरून कुणी खुर्ची सरकवली की खाली तिच्या डोक्यावर गडगडायचं. तिथे बसून ती गेली दोन वर्षं गावाचे रस्ते आणि दारं नियमात बसवत होती. कारण सरकारने फर्मान काढलं होतं: सगळ्या नगरपालिकांनी आपापले पत्ते आणि रस्ते एकाच पद्धतीने लिहून एकाच मोठ्या नकाशात पाठवायचे. टपाल, अग्निशमन, अँब्युलन्स, सगळे यापुढे तोच नकाशा वापरणार.

आणि आमच्या नगरपालिकांची दप्तरं म्हणजे आनंदीआनंद. पाणी खात्यात एका घराचा नंबर सात, कर खात्यात तेच घर सात-अ, आणि वीजवाल्यांकडे "जळक्या वखारीच्या मागे". वखार जळून तिच्या जागी दवाखाना आला, तोही पाडून झाला, तरी माणसं आपली वखारीच्या मागेच राहत होती. रस्ते खात्याने काढलेले रस्ते कागदावर छान जुळलेले दिसायचे, पण पडद्यावर मोठे करून बघितले की चौकात बोटभर फट. माणूस ती फट बघणारही नाही, पण कॉम्प्युटर तिथे येऊन थांबतो आणि पुढे रस्ता नाही म्हणतो.

ती या सगळ्याच्या मागे हात धुऊन लागली होती. रस्त्याची रेघ रेघेला टेकली पाहिजे. घराचा ठिपका छपराच्या मधोमध नाही, रस्त्याकडच्या दारावर पाहिजे. आणि एका नगरपालिकेत एका नावाचे दोन रस्ते चालणार नाहीत. जिथे असतील तिथे ज्या रस्त्यावर दारं कमी त्याचं नाव बदलायचं. हा शेवटचा नियम सांगायला सोपा आणि राबवायला महाकठीण. माणसं एक वेळ रस्त्यातले खड्डे सोसतील, नाव बदललेलं सोसणार नाहीत. दोन बाजार रस्ते होते, तीन विहीर गल्ल्या होत्या, आणि प्रत्येकीतून कुणी ना कुणी जिना उतरून भांडायला येत होतं.

"आमच्या आजोबांच्या वेळेपासून ही विहीर गल्ली आहे," एका जाडजूड गृहस्थाने टेबलावर हात आपटून सांगितलं होतं.

"आजोबांच्या वेळी अँब्युलन्स नकाशा बघून येत नव्हती," ती म्हणाली. "गल्लीत विहीर तरी राहिलीय का?"

"विहिरीचं काय घेऊन बसलात!"

"तेच म्हणते मी. काय घेऊन बसायचं?"

गृहस्थ पाय आपटत गेले आणि त्यांची गल्ली आठवडाभरात सावली गल्ली झाली. पत्तेबाईंशी वाद घालून कुणी जिंकलंय असं ऑफिसात कुणाला आठवत नव्हतं. साहेब तर तिने पुढे केलेल्या कागदावर न वाचताच सही करायचे. तिच्या हातून चूक व्हायची नाही, आणि खोटं तर ती बोलायचीच नाही, असा तिचा लौकिक.

पण इथेच घोडं पेंड खात होतं. एका नावाच्या दोन रस्त्यांच्या यादीत सगळ्यात वर होते दोन शाळा रस्ते, आणि तिने ते सगळ्यात शेवटी ठेवले होते. एकेक करत बाकीचे संपले. मग एके दिवशी संध्याकाळी, सगळे घरी गेल्यावर, ती त्या दोन रेघांकडे बघत बसली. एक नदीच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्हींवर एकेक ठिपका, चौदा. यातलं एक नाव बदललं की पार्सलं नीट जाणार. औषधं दादाकडे, पुस्तकं तिच्याकडे. आणि मग दादाने यायचं कशाला?

नियमावलीत एक पळवाट होती. दोन रस्ते मूळच्या वेगळ्या वस्त्यांत असतील, आणि पत्ता सांगताना लोक वस्तीचं नाव घेत असतील, तर एक नाव दोन्हींना चालेल. नकाशात त्यासाठी वस्तीचा वेगळा रकाना होता. तिने दोन्ही रस्त्यांपुढे त्या रकान्यात जुन्या गावांची नावं भरली. तपासणीचा प्रोग्राम गपगुमान पुढे गेला. लोक वस्तीचं नाव घेतात का? पुलाच्या दोन्ही बाजूंना मिळून एकही माणूस घेत नव्हता, आणि हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"हे दोन शाळा रस्ते तसेच?" सही करताना साहेबांनी नेमकं विचारलं.

"वस्ती वेगळी आहे, साहेब. नियमात बसतं."

"बसतं ना? मग झालं," म्हणून साहेबांनी सही ठोकली.

घरी नवऱ्याने मात्र बरोबर पकडलं. तो लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. शेजारी बसलेला माणूस कधी चुकीचा पाय दाबणार हे आधीच ओळखायची त्याला सवय. जेवता जेवता म्हणाला, "साऱ्या गावाच्या पाट्या उपटल्यास. आपलीच तेवढी कशी काय राहिली?"

"नियमात बसते."

"नियमात बसते की तुझ्या मनात बसते?"

तिने ताटात भात वाढून घेतला. त्याने थोडा वेळ वाट बघितली, मग हळूच म्हणाला, "अगं, सरळ जाऊन बोल की त्याच्याशी. पार्सलाच्या पाठीमागे लपून किती दिवस काढणार आहात दोघं?"

"तो नाही लपत. तो रागावलाय."

"रागावलेला माणूस पार्सल परत पाठवतो. घेऊन येत नाही." एवढं बोलून त्याने ताट उचललं. तिला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच तिने काही केलं नाही. चाललंय ते चालू दे, हात लावायला गेलं आणि तेही मोडलं तर काय, असं तिला वाटत होतं.

नवा नकाशा सुरू होऊन काही आठवडे झाले असतील. रविवारची सकाळ. नवरा शिकवणीला गेलेला. ती स्टूलवर चढून पंख्याची पाती पुसत होती. लांबून भोंगा ऐकू आला, जवळ आला, आणि तिच्याच दारासमोर थांबला. ती स्टूलवरून उतरेपर्यंत दोन माणसं स्ट्रेचर घेऊन अंगणात.

"शाळा रस्ता, चौदा नंबर ना? पेशंट कुठेय? श्वास लागलाय म्हणून एका बाईंचा फोन होता."

हातातलं फडकं तिने तिथेच टाकलं.

"पेशंट इथे नाही. पुलापलीकडे आहे. चला, मी येते."

"अहो बाई, पत्ता तर हाच..."

"पत्ता तोच आहे. घर दुसरं आहे. चला म्हणते ना!"

ती ड्रायव्हरशेजारी चढून बसली. दार उघडं टाकून आली हे तिला पूल दिसल्यावर आठवलं. मागे बसलेला माणूस परत परत वहिनीचा नंबर लावत होता. फोन नुसता वाजत होता. पुलावर वाळूचा ट्रक आडवा घालून कुणीतरी टायर बदलत होतं. भोंगा वाजवून, शिव्या घालून, एक चाक फुटपाथवर चढवून ड्रायव्हरने गाडी काढली. त्याचा पारा चढलेला होता.

"काय नकाशा केलाय कुणास ठाऊक. म्हणे नवीन आहे, एकदम पक्का आहे. कुणी केला त्याला इथे आणून बसवला पाहिजे."

"मी केलाय," ती म्हणाली.

ड्रायव्हरने एकदा तिच्याकडे बघितलं. मग पुढचा सगळा रस्ता तो फक्त "डावीकडे?" आणि "उजवीकडे?" एवढंच विचारत होता.

वहिनी रस्त्याच्या मधोमध उभी राहून टॉवेल हलवत होती. फोन घरातच विसरलेली. गाडीतून नणंद उतरताना बघून ती चक्रावली.

"तुम्हाला कुणी कळवलं?"

"कुणी नाही. गाडीच माझ्याकडे आली."

दादा खुर्चीत पुढे वाकून बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. ओठ काळेनिळे पडलेले. प्रत्येक श्वास आत ओढताना मानेच्या शिरा ताणत होत्या. त्याने तिला बघितलं आणि एक बोट उचललं, ती कशी काय इथे, असं विचारल्यासारखं. तिने ते बोट मुठीत धरलं आणि गाडीत बसेपर्यंत सोडलं नाही. तोंडावर मास्क लागला, चार-सहा श्वास नीट गेले, तेव्हा तो मास्कमधून पुटपुटला, "माझं... तुझ्याकडे... गेलं होय?"

"बोलू नकोस," ती म्हणाली. आणि तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्यासमोर रडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जरा आधी आणायला हवं होतं. पण आता धोका नाही." वहिनीने दुसरं वाक्य ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसली. हिने पहिलं वाक्य ऐकलं. ते तिच्या कानातून जाईना.

दुपारी वहिनी औषधं आणायला खाली गेली. खोलीत दोघंच. दादा उशीला टेकून बसला होता, मास्क लावलेला, डोळे उघडे. हीच वेळ, असं तिने ठरवलंही नाही. तोंडातून आपोआपच आलं.

"दादा, गाडी चुकली ती माझ्यामुळे. दोन्ही रस्त्यांचं नाव एक ठेवायचं नव्हतं. सगळ्या गावाचं मी बदललं, आपलंच तेवढं ठेवलं. मुद्दाम."

त्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"पार्सलं चुकायची थांबली असती. मग तू आला नसतास."

दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती तशीच बसून राहिली. वहिनी आल्यावर उठली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधीच ती साहेबांच्या दारात उभी होती. झालं ते सगळं तिने सांगितलं, वस्तीच्या रकान्यासकट. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुम्ही? तुम्ही असं केलंत?"

"केलं."

साहेब ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी लेखी समज दिली, आणि तिथून पुढे तिचा प्रत्येक कागद वरपासून खालपर्यंत वाचूनच सही करू लागले. लौकिक म्हणतात तो असा एका सकाळीत गेला. तिने त्याबद्दल एका शब्दाने कुरकूर केली नाही.

दारं मोजली तर तिच्याच रस्त्यावर कमी निघाली. म्हणजे बदलणार होता तिचाच पत्ता. रस्त्याच्या टोकाला पाण्याची टाकी होती, म्हणून नाव ठरलं पाणटाकी रस्ता. आता टेबलाच्या या बाजूला बसणारी ती स्वतःच्या शेजाऱ्यांपुढे उभी राहिली. कोपऱ्यावरच्या शिंप्याने नुकताच दुकानाचा बोर्ड रंगवून घेतला होता.

"पाणटाकी! लोक म्हणतील, हा टाकीत बसून कपडे शिवतो. अहो, दुसऱ्या रस्त्याचं बदला ना. तुमच्या हातात आहे सगळं."

"माझ्या हातात होतं तेव्हा काय झालं ते बघितलंत ना त्या रविवारी?"

शिंप्याने बघितलं होतं. अँब्युलन्स त्याच्या दुकानावरूनच उलटी फिरली होती. त्याने तोंड वाकडं केलं, पण बोर्ड पुसला. शाळा रस्ता एकच राहिला, पुलापलीकडचा. नकाशा परत सरकारकडे गेला, तपासला गेला, लागू झाला. तिने दोन्ही पत्ते अँब्युलन्सच्या कंट्रोल रूमला फोन करून स्वतः विचारून बघितले. दोन्ही वेळा तिथल्या मुलीने बरोबर घर सांगितलं.

आता पार्सलांचं काय? तिने बँकेला, पुस्तकवाल्यांना, विम्याला, झाडून सगळ्यांना नवा पत्ता कळवला. दर वेळी कळवताना वाटायचं, ही एक भेट गेली. तरी कळवलं. सुरुवातीला जुन्या पत्त्यावरची एक-दोन पार्सलं पलीकडे गेलीच. ती दादा घेऊन येईल म्हणून ती संध्याकाळी खिडकीशी घोटाळायची. पार्सलं आली, पण टपालवाल्याच्या हातून. खोक्यावरचा शाळा रस्ता खोडून दादाच्या ठसठशीत अक्षरात वर लिहिलेलं, पाणटाकी रस्ता. दुसऱ्या खोक्यावरही तेच.

नवरा म्हणाला होता ना, रागावलेला माणूस पार्सल परत पाठवतो. त्याला आपलं वाक्य आठवलं असावं, कारण तो खोका उचलून मुकाट्याने आत घेऊन गेला.

एकदा ती स्वतः गेली. पुलापलीकडे, चौदा नंबरात. वहिनीने बसवलं, चहा दिला, तब्येत छान आहे म्हणाली, दम्याचा फवारा नियमाने घेतात म्हणाली.

"आहे का घरात?"

"बाहेर गेलेत," वहिनी म्हणाली, आणि कप उचलायला जरा जास्तच घाईने वाकली. दादाची स्कूटर अंगणात उभी होती. तिने ती येतानाच बघितली होती. तिने चहा संपवला, वहिनीला काळजी घ्यायला सांगितलं आणि चालत पूल ओलांडून घरी आली. पुलावर तिला वाटलं, संपलं. आपल्या हाताने आपण सगळं व्यवस्थित केलं आणि सगळं संपलं. ऑफिसात ती रेघा जोडत होती, ठिपके दारावर बसवत होती, साहेब वाचून वाचून सह्या करत होते. काम चोख चाललं होतं. त्यात तिला काडीचा आनंद नव्हता.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. नवऱ्याने दार उघडलं आणि आत बघून म्हणाला, "तुझ्यासाठी आहे." आणि स्वतः काहीतरी शोधायच्या निमित्ताने मागच्या खोलीत गेला.

दारात दादा उभा होता. हातात एक चपटा खोका.

"तुझं माझ्याकडे आलंय," तो म्हणाला.

तिने खोका घेतला. वर तिचं नाव होतं. खाली पत्ता: शाळा रस्ता, घर नंबर चौदा.

"असं कसं? मी सगळीकडे कळवलंय." ती पत्त्यावर बोट ठेवून म्हणाली. "एकही ठेवलं नाही मी."

"मला काय माहीत? नकाशा तुमचा. राहिली असेल कुठे चूक." तो कुंड्यांकडे बघत होता. "उघडून तर बघ."

तिने खोक्यावरची चिठ्ठी परत वाचली. खाली मागवणाऱ्याचा फोन नंबर छापलेला होता. तो तिला पाठ होता. दोनदा लावून तिसऱ्यांदा न लावलेला नंबर.

तिने चिकटपट्टी नखाने सोडवली, आतला कागद बाजूला केला. आत निळी पाटी होती, पत्र्याची, वर पांढरी अक्षरं. १४, पाणटाकी रस्ता.

"दादा, हे चुकून आलेलं नाहीये."

"चुकूनच आलंय," दादा म्हणाला. "मी मागवताना पत्ता चुकलो. स्टूल आण. जुनी पाटी काढायला हवी."

ती स्टूल घेऊन आली. स्क्रूड्रायव्हर त्याच्या खिशात असायचाच, लिफ्टवाल्याचा खिसा तो. स्टूलवर चढायचं म्हणून त्याने चपला काढल्या. जुन्या पाटीचे स्क्रू गंजले होते, ते काढताना त्याला जरा धाप लागली. थांबला, खिशातला फवारा काढून दोनदा ओढला, परत कामाला लागला. ती खाली स्टूलचे पाय धरून उभी. तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे बोलायला सोपं गेलं.

"दादा, आई गेली त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"स्टूल धर. हलतंय."

"हलत नाहीये. मी धरलंय."

"मग नुसतं धर, टिल्ले."

तिने धरलं. वर दादा स्क्रू पिळत राहिला, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. पाटी बसली. त्याने तळहाताने ती दाबून बघितली, सरळ आहे का ते मागे झुकून बघितलं, आणि खाली उतरला. चपला तिथेच पायाशी होत्या. त्याने त्या घातल्या नाहीत. तसाच अनवाणी आत गेला, आईच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिला, आणि खुर्ची ओढून बसता बसता म्हणाला, "चहा टाक. आणि साखर घालताना हात आखडू नकोस."